करंगळीला न कळलेला दगड

आमच्या विळीचं पातं एका धारवाल्याने जाळलं आणि तिथून सगळं सुरू झालं, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते. खरं तर ते आधीच सुरू झालेलं होतं. पातं जळल्यामुळे फक्त ते उघडं पडलं.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. नाशिकरोडच्या अलीकडे आमची वसाहत होती. दोन-दोन खोल्यांची बैठी घरं, वर सिमेंटचे पत्रे, समोर सामायिक नळ. कारकून, शिपाई, शाळामास्तर, कारखान्यात जाणारे, अशी बहुतेक आपल्याच समाजाची वस्ती. प्रत्येक घरात समोरच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि त्याखाली मुलांच्या शाळेचं वेळापत्रक. माझे मिस्टर पाटबंधारे खात्यात कारकून होते. घरात आम्ही दोघं, आमची तीन वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्यांना मी मामी म्हणायची.

मामींचं सगळं आयुष्य सायखेड्याकडे दुसऱ्यांच्या शेतात गेलेलं. कांदे निघाले की महिना-महिना विळा हातात. मुलगा नोकरीला लागला तेव्हा त्या नाशिकला आल्या आणि आल्या आल्या चूल माझ्या हवाली केली. "तू म्याट्रिक शिकलेली, तू रांध," असं त्यांचं तर्कट. पण घरातल्या दोन वस्तू त्यांनी स्वतःकडे ठेवल्या होत्या. एक विळी आणि दुसरी रविवारच्या मटणाची सुरी. त्या दोन्हींना धार त्याच लावायच्या. नळापाशी धुण्याचा एक काळा दगड होता, त्याच्या कडेवर त्या दर आठ-पंधरा दिवसांनी दोन्ही पाती पाजवून आणायच्या. मग नगरपालिकेने तिथे सिमेंटचा ओटा बांधला आणि तो दगड उचलून नेला.

त्यानंतर एका दुपारी धारवाला आला तेव्हा मामी घरात नव्हत्या. मीच विळी दिली. त्याने सायकल स्टँडला लावली, पेडल मारत चाक फिरवलं, ठिणग्या उडाल्या, मुलीने टाळ्या वाजवल्या. पातं परत आलं ते चकचकीत आणि टोकाकडे निळसर. मामींनी संध्याकाळी ते उजेडात धरून पाहिलं.

"जाळलं मेल्यानं," त्या म्हणाल्या. "पाणी गेलं याचं. आता ह्ये धार धरायचं नाय."

तसंच झालं. चार दिवस विळी बरी चालली, मग बोथट. मामी म्हणायला लागल्या, घरात स्वतःचा दगड पाहिजे. बाजाराला जाऊ आणि पारखून आणू.

त्याच आठवड्यात मी कोबी चिरत होते. मुलगी समोर बसून पानं खात होती. ती म्हणाली, "आई, कोबी लाल."

मी खाली पाहिलं. विळीखालच्या परातीत पांढऱ्या कोबीत रक्त सांडलेलं होतं, बरंच. माझ्या उजव्या करंगळीची बाहेरची बाजू उघडली होती. मी हात धुतला, हळद भरली, चिंधी बांधली. मामी दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"दुखलं नाय?"

"कळलंच नाही. विळी बोथट झालीय ना."

"बोथट इळीनं कापलं तर लय दुखतं, पोरी. धारेचं कळत नाय. तुझं उलटंच कसं?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्याआधी तव्याचा चटका बसून त्याच बोटावर फोड आला होता, तोही मला दुसऱ्या दिवशी दिसला होता. कोपराखाली रुपयाएवढा फिका डाग होता, तो मी उन्हाने आला असं समजत होते. बाईमाणसाच्या हाताला रोज काहीतरी होतच असतं. त्याची कोण जंत्री ठेवतो?

बुधवारी गोदावरीच्या काठावर बाजार भरतो. मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवून आम्ही दोघी शहर बसने गेलो. भाजीवाल्यांच्या पलीकडे, नदीकडच्या अंगाला पाटे-वरवंटे विकणारे बसायचे. तिथे एका बाईने पोत्यावर धारेचे दगड मांडले होते. काही काळे, काही विटकरी, काही राखी. मुठीत मावतील असे आणि वरवंट्याएवढे लांबही.

मामी उकिडव्या बसल्या आणि कामाला लागल्या. आधी दोन-दोन दगड उचलून एकमेकांवर टिचकीसारखे वाजवून पाहिले. ज्याचा आवाज फुटका आला तो बाजूला. "आत चीर असती. एक दिवस हातात फुटतो." मग पदराच्या टोकाने धूळ पुसून प्रत्येकावर पाण्याचे थेंब टाकले. एका विटकरी दगडाने पाणी पोटात घेतलं, पुसल्यासारखं. "ह्यो नको. इतकं पाणी पिणारा लवकर खचतो, मधी खड्डा पडतो." दुसऱ्या एका दगडावर थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला. "ह्योबी नको. काच हाय नुसती. पातं घसरल वरून." मला ते पाहायला मजा वाटत होती. माझ्या आईच्या घरी असं कुणी काही पारखून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. परवडेल ते आणायचं, इतकंच.

शेवटी दोन राखी दगड राहिले. विकणाऱ्या बाईने ते माझ्यापुढे केले. "येक खरबड हाय, येक मऊ. बघा तुमी, कोन्ता पायजे."

मी अंगठ्याने चाचपायला गेले तर ती हसली. "अंगठ्यानं नका बघू. बायांचा अंगठा कामानं मेलेला असतो. करंगळी फिरवा."

मी उजव्या हाताची करंगळी एका दगडावरून फिरवली. चिंधी आदल्या दिवशीच सोडली होती आणि जखम बाहेरच्या बाजूला होती, टोक मोकळं होतं. मग दुसऱ्या दगडावरून फिरवली.

"दोन्ही सारखेच आहेत की," मी म्हणाले.

"सारखे? अवो बाई, येक रव्यावाणी, येक मैद्यावाणी!"

मामींनी बोट फिरवलं. "फरक हाय. चांगला हाय फरक. पुन्यांदा बघ."

मी पुन्हा पाहिलं. बोटाखाली काहीतरी आहे हे मनगटाला समजत होतं. बोट अडतंय, पुढे सरकतंय, एवढंच. पण कातडीला काहीच येत नव्हतं. जाड गोधडीवरून फिरवावं तसं. मग मी डाव्या हाताची करंगळी लावली आणि तिला एका क्षणात कळलं. एक दगड कणीदार, बोटाला ओरबाडणारा, आणि दुसरा पिठासारखा.

मी हसले. "उजवा हात झोपलाय माझा."

विकणारी बाईही हसली. मामी हसल्या नाहीत. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या मामींनी त्या दोघांतला मऊ, छोटा, मुठीत बसेलसा उचलला, बाई म्हणेल ते पैसे टाकले आणि उठल्या. मी म्हटलं, लांब दगड बरा नाही का? त्या म्हणाल्या, "माझ्या मुठीला ह्योच बरा. चल."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीपाशी बसले होते. रस्त्यावर द्राक्षांच्या पेट्या भरलेला ट्रक बंद पडला होता, तो बघत होते. थोड्या वेळाने मामींकडे वळले तर त्यांनी माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतलेला. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून तिचं टोक त्यांनी माझ्या करंगळीत रुतवलं होतं. रक्ताचा ठिपका वर आलेला. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"लागतं?"

"काय?"

त्यांनी पिन काढली, बंद केली, बांगडीत पुन्हा अडकवली. मग हात सोडून दिला.

दोन दिवस घरात नेहमीसारखंच चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला समोर बसवलं आणि सायखेड्याच्या एका बाईची गोष्ट सांगितली. मामी लहान असताना त्यांच्या वस्तीतल्या त्या बाईच्या हाताची बोटं आखडली, मग झडायला लागली. वस्तीने तिला नदीकाठी गवताचा एक झाप बांधून दिला. वस्ती आधीच गावाबाहेर होती, ती बाई त्याच्याही बाहेर. तिच्यासाठी भाकरी ठेवायचं काम लहानग्या मामींकडे होतं. एका धोंड्यावर भाकरी ठेवायची, हाक मारायची आणि पळत सुटायचं.

"येक दिस गेले तर आदल्या दिसाची भाकर तशीच व्हती," मामी म्हणाल्या. "मी दुसरी तिच्यावर ठिवली आन् पळाले. घरी सांगितलंच नाय. भ्या वाटलं."

मग त्या म्हणाल्या, "उद्या तो तुला डाक्टरकडं नेईल. मी बोलले त्याच्याशी."

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याने मला डोळे मिटायला सांगितले आणि हातावरून पीस फिरवलं. जिथे लागेल तिथे बोट ठेवायचं. मी ठेवत गेले. मध्येच बराच वेळ काहीच झालं नाही, मला वाटलं तो थांबला. डोळे उघडले तर मिस्टर भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि पीस माझ्या करंगळीवर होतं. मग गरम आणि गार पाण्याच्या काचेच्या नळ्या लावून झाल्या. कोपराच्या मागे त्याने दाबलं तेव्हा मात्र कळ मस्तकात गेली. तिथली शीर सुतळीसारखी जाड झाली होती.

"कुष्ठरोग आहे," तो म्हणाला.

"म्हणजे महारोग?" मिस्टरांनी विचारलं. तेवढा एकच प्रश्न त्यांनी विचारला.

"हो. पण यांचा प्रकार पसरणारा नाही. घाबरू नका. एकत्र राहा, एकत्र जेवा, मुलीला जवळ घ्या. गोळ्या मात्र काही वर्षं घ्याव्या लागतील. आणि हाताला जपा. ज्या बोटांना कळत नाही त्यांचं काम आता डोळ्यांनी करायचं. बोथट सुरी वापरू नका, जोर लावावा लागतो आणि हात सटकतो. पातं धारदार ठेवा आणि नजर पात्यावर ठेवा."

मिस्टर मान हलवत राहिले. घरी येताना ते माझ्यापुढे चालले. तसे ते नेहमीच पुढे चालत, पण त्या दिवशी मला ते अंतर दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चहा कान तुटलेल्या कपात होता. जर्मनची एक ताटली खिडकीच्या फळीवर वेगळी काढून ठेवली होती. विळी आणि सुरी मामींच्या बाजेखाली गेल्या होत्या. "तू धुणं कर, झाडलोट कर. सैपाकाचं मी बघते." मुलगी त्या रात्रीपासून मामींकडे झोपायला लागली. ती माझ्याकडे यायला निघाली की मामी तिला काहीतरी खाऊ दाखवायच्या.

मी पहिले काही दिवस बोलले नाही. डॉक्टर म्हणाला होता ते मिस्टर आईला समजावतील, असं वाटत होतं. ते ऑफिसला जात होते, येत होते, पेपर वाचत होते. मग एकदा दुपारी मामी नवा दगड घेऊन विळीला धार लावत बसल्या होत्या. विळी पायाखाली धरायची आणि मुठीतला दगड पात्यावरून टोकाकडे ओढायचा, अशी त्यांची पद्धत. मी माझा कप त्यांच्यासमोर ठेवला.

"मामी, मालकाच्या वळचणीला तुमच्यासाठी फुटका कप असायचा. तुम्हीच सांगायच्या ना?"

त्यांचा हात थांबला. "व्हय."

"ओंजळीत वरून पाणी ओतायचे. सांगताना तुम्हाला अजून राग येतो."

"येतो."

"मग हे काय आहे?"

त्यांनी दगड पदराला पुसला. "आमाला काय झालेलं नव्हतं, पोरी. त्यांनी उगाच ठिवला व्हता कप. तुला झालंय."

"डॉक्टर म्हणाले, माझा पसरत नाही."

"डाक्टर काय त्याची पोर हितं ठिवणार हाय का?" त्या म्हणाल्या. "मला माझ्या नातीची बोटं बघायची हायेत."

मला वाटलं त्या रडतील. रडल्या नाहीत. दगड पुन्हा पात्यावरून फिरायला लागला. मी कप उचलला, विसळला आणि फळीवर ठेवला. काय करणार होते? माहेरी सांगायची सोय नव्हती, दोन बहिणी लग्नाच्या होत्या. वसाहतीत कळलं असतं तर मिस्टरांना घर सोडावं लागलं असतं. कप आत होता, बाहेरच्या वळचणीला नव्हता, याचंच मी त्या काळात बरं मानून घेत होते.

त्या दिवाळीनंतर नणंद आली. ती कळवणला असे, तिचे यजमान तिथे शाळेत शिक्षक होते आणि त्यांना मूल नव्हतं. ती मुलीला चार-आठ दिवसांसाठी घेऊन गेली. जाताना मुलीने माझ्याकडे यायला हात पसरले. नणंदेने तिला पटकन कडेवरच फिरवून घेतलं, दुसरीकडे काहीतरी दाखवत. चार-आठ दिवस संपले. मग थंडी फार आहे, मग तिला गोवर आला, मग तिथल्या बालवाडीत रुळली. वसाहतीत आम्ही सांगायचो, तिकडची शाळा चांगली आहे.

मी दोनदा कळवणला गेले. दोन्ही वेळा नणंद चांगली वागली. मला वेगळं ताट दिलं नाही, सगळ्यांसारख्याच ताटात दिलं. पण मुलीला शेजारच्यांकडे खेळायला पाठवलेलं असायचं आणि ती यायची तेव्हा माझी गाडी निघायची वेळ झालेली असायची. मिस्टरांना म्हटलं, तिला आणू या. ते म्हणाले, "तुझा कोर्स होऊ दे." कोर्स म्हणजे त्या पांढऱ्या गोळ्या. रोज एक. गोळ्यांनी डाग गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र हळूहळू तळव्याकडे वळत गेलं. दवाखान्यात शिकवलं होतं तशी मी रोज तेल लावून ती सरळ करत बसायची. सोडली की पुन्हा वळायची.

अशी काही वर्षं गेली. ऐंशी साल उलटून गेलं होतं. एका सकाळी मामी नळावर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पायाला वजन लावून बरेच दिवस दवाखान्यात ठेवलं, मग घरी पाठवलं. त्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आतल्या खोलीत चुलीजवळच त्यांची बाज टाकली, कारण तिथे ऊब होती.

आता रांधणार कोण? मिस्टरांनी दोन दिवस भात करून पाहिला, खालून करपलेला आणि वरून कच्चा. मग खानावळीचा डबा आला, तो मामींच्या पोटाला मानवेना. एका दुपारी मी काही न विचारता बाजेखालून विळी ओढली. मामी उताण्या पडून बघत होत्या.

विळी पार बोथट होती. मी त्यांचा दगड घेतला. इतक्या वर्षांत तो मध्ये खचून होडीसारखा झाला होता, शिवाय मूळचा लहान. मी त्यांच्यासारखाच मुठीत धरून पात्यावरून ओढायला लागले. नजर ठेवली होती, पण वळलेलं बोट दगडाच्या खाली कुठे जातं ते वरून दिसत नाही. मामींनाच आधी दिसलं.

"ठिव! ठिव त्यो!" त्या ओरडल्या. आजारपणातही आवाज खणखणीत होता. "बोट बघ तुझं!"

करंगळीचं टोक सोललं होतं. मी फडकं गुंडाळलं. मामी धापा टाकत होत्या.

"त्यो दगड तुझ्या हाताचा नाय," त्या म्हणाल्या. "माझ्या मुठीसाठी घेतला व्हता मी. तू लांब घे. चांगला वीतभर. खाली ठिवता येईल असा. सुरी दगडावर फिरव, दगड हातात धरूच नको."

"आणि मऊ-खरबड कसं बघू? मला कळत नाही ते तुम्हाला माहीतच आहे."

त्या छताकडे बघत होत्या. "डाव्या हातानं बघ की."

मी डावा हात त्यांच्यापुढे धरला. त्याचीही शेवटची दोन बोटं वर्षभरापूर्वी बधिर झाली होती. घरात मी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त दवाखान्यात. उरलेल्या बोटांना कळायचं, पण आता मला कुठल्याच बोटाचा भरवसा वाटत नव्हता.

मामींनी त्या हाताकडे पाहिलं आणि मान वळवली. मग भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "कान हायेत ना? पातं घास दगडावर आन् आइक. खरबड दगड खरखरतो. मऊ सरसरतो. मधीच आवाज बदलला तर त्यो दगड घेऊ नको, त्यात खडा हाय."

मी मेनरोडला गेले. लोखंडी सामानाच्या दुकानात कारखान्यात बनलेले दगड आले होते, विटेसारखे सरळ कापलेले, एक बाजू जाड कणीची आणि दुसरी बारीक. दुकानदाराने दोन-तीन समोर टाकले. "हात लावून बघा बाई."

"सुरी द्या एक," मी म्हटलं.

त्याने कुरकुरत दिली. मी पदर हातावर ओढून घेतला, वळलेली बोटं आत राहतील अशी, आणि प्रत्येक दगडाच्या दोन्ही बाजूंवरून सुरी सावकाश ओढली. रस्त्यावर रिक्षा, हातगाडीवाले, दुकानात रेडिओ. मी म्हटलं, रेडिओ जरा बंद करता का? त्याला वाटलं असेल बाई वेडी आहे. पण केला. पहिल्या दगडाची बारीक बाजू मध्ये एका जागी किरकिरली. दुसरा शेवटपर्यंत एकाच आवाजात गेला. तो मी घेतला. पिशवी खांद्याला लावली आणि बाहेर आले. एवढंसं काम ते, पण इतक्या वर्षांत मी एकटीने पारखून घरात आणलेली ती पहिली वस्तू होती.

घरी ओल्या फडक्यावर दगड ठेवला. मामी डोळे मिटून ऐकत होत्या. "उलट्या अंगाला हायेस, फिरव... आता टोकाकडं जा... हां. जोर नको लावू. बास. आता दुसऱ्या अंगानं." सुरी झाली. मग आडवी केलेली विळी, दगडाचं लांबचं टोक धरून. त्याला फार वेळ लागला. मग मी बटाटे चिरले, पिठलं-भाकरी केली आणि मामींचं ताट त्यांच्या बाजेवर ठेवलं.

त्या भाकरीकडे बघत राहिल्या. मी पाठ केली आणि तवा घासायला घेतला. घासून घासून त्यावरचं काही निघायचं उरलं नव्हतं तरी घासत होते. वळले तेव्हा ताट रिकामं होतं.

"मीठ कमी हाय," मामी म्हणाल्या.

तिथून पुढे पावसाळाभर मीच त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, पाठीच्या जखमा धुतल्या. त्या जखमा दिवसेंदिवस खोल होत गेल्या. मला पाण्याची ऊब कळायची नाही म्हणून त्या आधी स्वतःचं बोट बुडवून सांगायच्या, बरं हाय. कपाबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, मीही नाही. शेवटच्या दिवसांत त्यांना नातीला बघायचं होतं. मिस्टरांनी निरोप पाठवला. कळवणहून उत्तर आलं की सहामाही परीक्षा चालू आहे, संपली की येतो. परीक्षा संपायच्या आत मामी गेल्या. शेवटी शेवटी त्या मला नातीच्याच नावाने हाक मारत होत्या आणि मी ओ देत होते.

पुढच्या वर्षी दवाखान्यात माझ्या गोळ्या थांबवल्या. डॉक्टर आता दुसरे होते. म्हणाले, "रोग गेला. बोटं मात्र अशीच राहतील." मिस्टर त्या रविवारी स्वतःहून कळवणला गेले आणि मुलीला घेऊन आले.

ती नऊ वर्षांची झाली होती. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. मला ती 'नाशिकची आई' म्हणायची. तिच्या आत्याला नुसतं 'आई'. मी मनाची तयारी केली होती की ती माझ्या हाताला घाबरेल, माझ्या हातचं खाणार नाही. तसं काहीच झालं नाही. ती सगळं खायची. माझी बोटं हातात घेऊन तिने सरळ करून पाहिली, सोडली, वळली, पुन्हा केली. नणंदेने तिला काहीही सांगितलेलं नव्हतं. ती मला घाबरत नव्हती. घाबरली असती तर समजूत तरी घालता आली असती. तिला फक्त करमत नव्हतं. संध्याकाळ झाली की ती पायरीवर जाऊन बसायची. जेवायला बोलावलं की येऊन जेवायची आणि पुन्हा जाऊन बसायची. शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा मिस्टरांनी तिला जवळ घेऊन विचारलं, काय पाहिजे तुला, सायकल घ्यायची का? ती त्यांच्या शर्टाचं बटण फिरवत तिकडच्या बोलीत म्हणाली, "माले घर जानं शे."

मिस्टर म्हणाले, "हेच घर आहे." ती उठून पायरीवर जाऊन बसली. मिस्टर आत येऊन मला म्हणाले, "लहान आहे. महिना-दोन महिने रडेल, मग रुळेल. आणखी थोडं थांबू."

"ती रडत नाहीये," मी म्हटलं. "तिकडे एकदा अशीच रुळवली आपण तिला. आता पुन्हा नको."

"तुला चालेल?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला असं काही विचारलं होतं. मी म्हटलं, "नाही चालणार. पण सोडून या."

मग म्हटलं, स्टँडपर्यंत मीच सोडते. सीबीएसला कळवणची गाडी लागली होती. खिडकीची जागा मिळाली. तिला भूक लागेल म्हणून मी दशम्या बांधून दिल्या होत्या, त्या तिने मांडीवर घट्ट धरल्या. नणंदेचे यजमान तिला न्यायला आले होते, ते शेजारी बसले आणि तिकिटाचे सुटे काढायला लागले. मी खाली खिडकीपाशी उभी होते. तिने मला विचारलं, मी आईला काय सांगू? मी म्हटलं, सांग, नाशिकची आई बरी आहे. तिने ते एकदा मनात म्हणून पाहिलं असावं, ओठ हलले. कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तेव्हा ती पुढच्या काचेतून, रस्ता जिकडे जातो तिकडे बघत होती.